मीटर बंद असलेली गाडी

गुरुवारी सकाळी नऊ वाजता दिनकर पोवार वर्कशॉपमध्ये खुर्चीवरून पडला. त्याला खाली इमर्जन्सीत नेलं. सव्वानऊला त्याच्या रक्ताची नळी माझ्या लॅबमध्ये आली. मी ती यंत्रात लावली. आकडा आला. मी तो फोनवर कळवला. साडेदहाला दिनकर वारला.

त्या आकड्यात चूक नव्हती. दोनदा तपासून मगच मी फोन उचलला होता. कुवेतच्या जाब्रिया भागातल्या या इस्पितळात पंचवीस वर्षं मी रक्ताचे आकडे वाचतो आहे, आणि एवढ्या वर्षांत आकडा बदलून सांगितला असं एकदाही झालेलं नाही. म्हणजे लॅबमध्ये झालेलं नाही. लॅबच्या बाहेर झालं, पुष्कळदा झालं, आणि प्रत्येक वेळी समोर दिनकरच होता. त्याला जाऊन दोन महिने होतील. रोज थोडं थोडं लिहितो आहे. दोन ओळी झाल्या की उठून खिडकीपाशी जातो आणि पुन्हा येऊन बसतो.

दिनकर कोल्हापूरच्या उद्यमनगरातला. वडील लेथवर काम करायचे. इस्पितळातली यंत्रं दुरुस्त करणं ही त्याची इथली नोकरी: रोग्याला श्वास देणारी यंत्रं, सलाईन मोजून सोडणारे पंप, रक्त गाळणारी यंत्रं. आम्ही दोघं एकाच महिन्यात कुवेतला आलो, दोघंही पंचविशीचे, आणि राहायला एकच खोली दोघांत मिळाली. माझ्या सामानात पुस्तकांची एक बॅग होती. ती पाहून पहिल्याच दिवशी तो मला मास्तर म्हणू लागला. मी लॅबमधला माणूस आहे, मास्तर नाही, असं मी दोन-चारदा सांगून पाहिलं.

"पुस्तकं हायत नव्हं? मग झालं की," तो म्हणाला.

बुटका, रुंद मनगटांचा, कमी बोलणारा माणूस. कुठल्याही खोलीत शिरण्याआधी तो दारात क्षणभर थांबायचा आणि मान जराशी उजवीकडे झुकवायचा. नव्या माणसाला वाटायचं, हा संकोचतोय. तो ऐकत असायचा. खोलीतला फ्रिज, एसी, दिव्याची पट्टी, लिफ्टची मोटार, सगळ्यांची हजेरी घेतल्यासारखं करून मग तो आत यायचा. त्याच्याकडे एक लांब स्क्रू ड्रायव्हर होता. त्याचं टोक यंत्राच्या अंगाला लावायचं आणि मूठ कानाच्या पुढच्या हाडावर टेकवायची, ही त्याची तपासणी. ती त्याने वडिलांकडून उचलली होती. वर्षानुवर्षं कानाला लागून त्या मुठीची एक बाजू गुळगुळीत झाली होती.

एकदा मी रिपोर्ट द्यायला अतिदक्षता विभागात गेलो होतो. दिनकर दुसऱ्याच कामाने तिथून चालला होता. एका खाटेपाशी तो थांबला, मान झुकवली आणि सिस्टरला म्हणाला, हे यंत्र बदला. सिस्टर केरळची, अनुभवी. तिने पडद्यावरचे आकडे दाखवले. सगळे ठीक होते. अलार्म वाजलेला नव्हता. दिनकर आपल्या मोडक्या हिंदीत एवढंच म्हणाला, की ह्याला दम लागलाय. तो हलेना, तेव्हा तिने कंटाळून डॉक्टरांना विचारलं आणि यंत्र बदललं गेलं. संध्याकाळी त्याने ते उघडून मला आतली एक बेअरिंग दाखवली. ती बोटाने फिरवली की खरखरत होती. मी म्हटलं, अलार्म वाजलाच असता की कधीतरी.

"अलार्म वाजला म्हंजे आपल्याला उशीर झाला," तो म्हणाला.

हे वाक्य तो नेहमी म्हणायचा. भात लागायच्या वासावरूनही म्हणायचा. मला मात्र त्या वाक्याने कधी धीर आला नाही. मी मुळात काळजी करणारा माणूस. दिनकरला जे ऐकू येत होतं ते मला येत नव्हतं, त्यामुळे माझ्या लेखी प्रत्येक शांत यंत्र आतून खरखरत असायचं.

गाडी आमच्याकडे आली ती एका यंत्रामुळेच. फिंतासला राहणाऱ्या एका म्हाताऱ्या कुवेती गृहस्थांकडे घरी ऑक्सिजनचं मशीन होतं. ते बिघडलं की दिनकर ड्यूटी संपवून जायचा. त्यांना सगळे अबू फहद म्हणत. त्यांच्या घरामागे ताडपत्रीखाली एक गाडी झाकून ठेवलेली होती. अमेरिकन, दोन दारांची, लांब नाकाची, आठ सिलिंडरची, विटेच्या रंगाची. अबू फहदांनी ती विशीत असताना बोटीने मागवली होती. मुलांना तिच्यात रस नव्हता. नाकात ऑक्सिजनची नळी असलेला तो माणूस तिच्याबद्दल बोलताना सरसावून बसायचा. जहराच्या रस्त्यावर आपण हिला दोनशेवर नेली होती, तेव्हा रस्त्यावर कोणीच नसायचं, असं त्यांनी दिनकरला हाताने काट्याची खूण करून सांगितलं. मग म्हणाले, तुला आवाज कळतो, तू घेऊन जा.

ती चालती करायला दिनकरला सात महिने लागले. शुवैखच्या गॅरेजांमध्ये पेशावरचा एक मिस्त्री होता, त्याच्या शेडचा एक कोपरा त्याने मिळवला. सुट्टीच्या दिवशी मी पुस्तक घेऊन तिथे एका टायरवर बसायचो आणि तो गाडीखाली असायचा. अधूनमधून गाडीखालून प्रश्न यायचा, "काय वाचतोस मास्तर?" मी सांगायचो. "मग पुढं?" असं तो विचारायचा. मी सांगितलं की पुन्हा पाना फिरू लागायचा. अशा दोन-तीन कादंबऱ्या त्याने गाडीखाली झोपून पुऱ्या केल्या.

गाडीचं सगळं झालं, फक्त वेगाचा मीटर तेवढा मेलेला राहिला. काटा शून्यावर पडून होता. मिस्त्री म्हणाला, "पोवार भाई, केबल पड़ी है मेरे पास, दस मिनट का काम है, लगा दूँ?" दिनकर म्हणाला, "रहने दे." मला हे विचित्र वाटलं. जो माणूस दुसऱ्याच्या यंत्रातला एक पेच ढिला राहिला तरी जेवत नाही, तो स्वतःच्या गाडीचा मीटर बंद ठेवतो. मी त्याला तसं विचारलंही.

"मीटर बसिवला की तू कशाला येशील?" तो म्हणाला.

मला ती चेष्टा वाटली.

गुरुवारी रात्री लवकर झोपायचं आणि शुक्रवारी पहाटेची बांग झाली की निघायचं, असा आमचा क्रम बसला. वफ्राला शेतं आहेत. शुक्रवारी तिथे ताजी काकडी, टोमॅटो, कोथिंबीर, मेथी मिळते आणि निम्मं कुवेत ती आणायला जातं. आम्हीही भाजी आणायलाच जात होतो. घरच्या पत्रांतही मी तसंच लिहीत असे. पण मीना अब्दुल्ला गावाच्या पुढे उजवीकडे वळलं की दोन्ही बाजूंना वाळवंट आणि मधे सरळ रस्ता लागायचा, आणि त्या वेळी त्याच्यावर कोणी नसायचं. तिथल्या दोन किलोमीटरांसाठी दिनकर आठवडाभर वाट बघायचा आणि मी आठवडाभर घाबरायचो.

ते दोन किलोमीटर आम्ही एका मित्राच्या गाडीने मोजून घेतले होते. सुरुवातीला रस्त्याकडेची एक वाकलेली पाटी. एक किलोमीटरवर पाण्याच्या पंपाची पिवळी खोली. दोन किलोमीटरवर विजेचा टॉवर. पाटी गेली की मी स्टॉपवॉच दाबायचं, पिवळी खोली आली की थांबवायचं आणि वेग सांगायचा. मग पुढच्या किलोमीटरात आणखी दाबायचं की पाय काढायचा, हे दिनकर ठरवायचा. स्टॉपवॉच माझं स्वतःचं होतं. टोचलेल्या जागेचं रक्त किती वेळात थांबतं ते बघण्यासाठी लॅबमध्ये आम्ही ते वापरायचो. हिशेब चुकू नये म्हणून मी एका कार्डावर तक्ता केला होता: तीस सेकंद म्हणजे एकशे वीस, चोवीस म्हणजे दीडशे, वीस म्हणजे एकशे ऐंशी, अठरा म्हणजे दोनशे. ते कार्ड मी समोरच्या खणाच्या झाकणावर चिकटवलं.

दिनकर गाडी चालवताना बोलत नसे. गाणी लावत नसे. काचा खाली असायच्या. निघण्यापूर्वी आंघोळ करायचा आणि अंगठी काढून खिशात ठेवायचा. पाटी जवळ आली की मान उजवीकडे झुकायची. मग गाडीचा आवाज खालून वर यायचा, पायांतून, पोटातून, दातांपर्यंत. मी रस्त्याकडे बघत नसे. घड्याळाकडे बघायचो. घड्याळाकडे बघणाऱ्याला रस्ता दिसत नाही, म्हणून मी ते काम पत्करलं होतं असंही म्हणता येईल.

भीती मरणाची होतीच, पण तेवढीच नव्हती. इथे परक्या माणसाला वेगासाठी पकडलं की अकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, रद्द होतो आणि तो सरळ विमानात बसतो, असं सगळे सांगायचे. माझ्या नोकरीवर नाशिकचं घर चाललं होतं, धाकट्या बहिणीचं शिक्षण चाललं होतं. लॅबमध्ये शुक्रवारची आठवण झाली तरी माझ्या तळहातांना घाम यायचा. पण येत नाही असं मी दिनकरला कधी म्हणालो नाही. का, ते मला नीट सांगता येत नाही. तो एकटा गेला असता तर मी खोलीवर बसून ते सगळं डोळ्यांसमोर आणलंच असतं, आणि ते जास्त भयंकर झालं असतं.

चौथ्या की पाचव्या शुक्रवारी मी पहिल्यांदा खोटं बोललो. घड्याळ म्हणालं सव्वीस. म्हणजे एकशे अडतीस. माझ्या तोंडून आलं, "चोवीस. दीडशे." दिनकरने मान हलवली आणि पाय काढला. गाडी हळू झाली. मला इतकं बरं वाटलं की मी खिडकीबाहेर पाहिलं, आणि त्या रस्त्यावरचं वाळवंट पहिल्यांदा नीट पाहिलं.

त्यानंतर ते माझ्या हाती लागलेलं औषधच झालं. आकडा थोडा वाढवून सांगितला की तो समाधानाने पाय काढायचा. दर शुक्रवारी मी दहा, पंधरा, वीसने वाढवायचो. शनिवारी लॅबमध्ये येऊन दशांशाच्या दुसऱ्या स्थळापर्यंत आकडे लिहायचो आणि ज्युनियर मुलींना सांगायचो, यंत्र जे दाखवतं तेच लिहायचं.

दुसऱ्या वर्षी दिनकरचं लग्न ठरलं. गावी जाण्याआधीच्या शुक्रवारी, गाडीत बसण्यापूर्वी, तो जरा जास्त वेळ बॉनेटला हात लावून उभा राहिला.

"लग्न झालं की हे बंद मास्तर," तो म्हणाला. "आज एकदा दोनशे बघू. म्हातारा म्हणतोय गेलेली हाय म्हणून."

त्याने माझ्याकडे दुसरं काही कधी मागितलं नव्हतं. तेही त्याने मागितलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं. रस्त्यावर थोडी वाळू उडून आली होती आणि टायरांखाली ती चुरचुरत होती. पाटी गेली. मी घड्याळ दाबलं. तोपर्यंत कधी न ऐकलेला आवाज गाडीतून येऊ लागला. खणाचं झाकण थडथडत होतं, कार्डावरची अक्षरं वाचता येत नव्हती, आणि गाडी रस्त्यावर टेकलेली आहे की नाही हे मला कळत नव्हतं. पिवळी खोली आली. घड्याळ साडेवीसवर थांबलं. म्हणजे एकशे पंच्याहत्तर. अजून एक किलोमीटर रस्ता मोकळा होता. तेवढ्यात पंचवीस वाढले असते. मला आजही वाटतं, वाढले असते.

"किती?" दिनकरने विचारलं. त्याला ओरडून विचारावं लागलं.

"अठरा," मी म्हणालो. "दोनशे."

त्याने पाय काढला.

टॉवरपाशी गाडी थांबली. मी पुढे पाहिलं. तिथे उंट नव्हते, ट्रक नव्हता, वाळूचा ढीग नव्हता. काहीही नव्हतं. नुसता रस्ता होता. माझ्या खोट्याने कोणाला वाचवलं असं मला म्हणता आलं असतं, तर मी ते केव्हाच विसरून गेलो असतो. दिनकरने खिशातली अंगठी काढून बोटात घातली आणि म्हणाला, "चला, कोथिंबीर संपंल." त्या दिवशी त्याने माझ्यासाठी गरम खुबूस, म्हणजे इथली रोटी, घेतला आणि त्यावर घरून आणलेला ठेचा लावून दिला. मी तो कागदात गुंडाळून ठेवला.

परतताना आम्ही अबू फहदांकडे थांबलो. त्यांनी खुणेनेच विचारलं, किती. दिनकरने माझ्याकडे बोट दाखवलं. मी दोन बोटं वर केली. म्हातारा एवढा हसला की नळी सरकली आणि सुनेने येऊन ती नीट लावली. मला खजुराची अख्खी पेटी मिळाली. मी ती इस्पितळात वाटून टाकली.

पुढे ही गोष्ट इथल्या मराठी मंडळींत पसरली. दोनशेवाला पोवार. कोणाच्या घरी गणपतीचा प्रसाद असला की नव्याने आलेल्या एखाद्याला ती सांगितली जायची. दिनकर भाताचं पातेलं धरून वाढत असायचा आणि कोणी त्याला विचारलं तर म्हणायचा, "मास्तरला विचारा. आकडा त्याच्याकडं असतोय." मग सगळे माझ्याकडे वळायचे. एका वर्षी लिमये म्हणून एका बँकेतल्या गृहस्थांनी शंका काढली. त्या जुन्या गाड्या आवाज फार करतात, जात नाहीत, दीडशे-पावणेदोनशे डोक्यावरून पाणी, असं त्यांचं म्हणणं. पानावरून सगळे माझ्याकडे पाहू लागले. दिनकरही पाहत होता, हातात पळी तशीच धरून.

"अठरा सेकंद होते," मी म्हणालो.

दिनकरने माझ्या पानात नको असताना आणखी एक पळी भात वाढला आणि पुढे गेला.

हे मला छळायचं. त्याचं खरं दोनशे एका किलोमीटरवर उभं होतं. ते मी त्याच्या हातून काढून घेतलं होतं, त्याच्या जागी एक बनावट ठेवलं होतं, आणि त्या बनावट गोष्टीवर त्याचं नाव पडलं होतं. सांगून टाकावं असं मी तीनदा ठरवलं. एकदा त्याची मुलगी झाली तेव्हा. आनंदात त्याचं काही वाटणार नाही, असा माझा हिशेब. एकदा अबू फहद गेले तेव्हा. एकदा त्याचे वडील कोल्हापुरात वारले आणि मी त्याला विमानतळावर सोडायला गेलो तेव्हा. त्या दिवशी गाडीत तो म्हणाला, की आमच्या अण्णांनी सगळ्या गल्लीला सांगितलं होतं, मास्तर म्हणतोय दोनशे. मी त्याची बॅग उचलून दिली.

लग्नानंतर वेग खरंच बंद झाला. दिनकर फिंतासला राहू लागला, मी एगैलाला. सुनंदावहिनी आमच्याच इस्पितळात नर्स झाल्या. त्यांना त्या दोन किलोमीटरांबद्दल किती माहीत होतं कोण जाणे. शुक्रवारची भाजी मात्र चालू राहिली, तीच गाडी, तोच रस्ता. साठ-सत्तरच्या वेगाने पाटी जायची, पिवळी खोली जायची, टॉवर जायचा. सवयीने मी घड्याळ खिशात ठेवायचो. मधूनच कधी दिनकर मोकळ्या रस्त्यावर थोडा पाय द्यायचा आणि विचारायचा, "किती मास्तर?" मी आकडा वाढवून सांगायचो. तो मान हलवायचा आणि पाय काढायचा. मीटर त्याने कधीच दुरुस्त केला नाही.

त्याची मुलगी ऋतुजा आता बावीस वर्षांची आहे. एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करते. घरात मराठी कळतं, उत्तर बहुधा इंग्रजीत येतं, पण बापाशी बोलताना तिच्या तोंडी कोल्हापूर यायचं. दिनकरला गावी नेऊन, सगळं उरकून मायलेकी परत आल्या तेव्हा गाडीचा प्रश्न निघाला. वफ्राच्या एका शेतमालकाने ती मागितली होती. जुन्या गाड्या जमवायचा त्याला नाद आहे आणि त्याच्याकडे सावलीची शेड आहे. वहिनींना ती दारात बघवत नव्हती. शनिवारी द्यायची ठरली. गुरुवारी ऋतुजाचा फोन आला.

"काका, उद्या भाजीला जाऊ या. मी चालवते. तुम्ही वॉच घेऊन या."

मी म्हटलं, त्या रस्त्यावर आता कॅमेरे आहेत. गाडी जुनी आहे, दोन महिने उभी आहे, टायर बसले असतील. तुझ्या आईला विचारलंस का? तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, सहा वाजता खाली उभे राहा. त्या रात्री मला झोप लागली नाही. दिनकर गेला तेव्हाही लागली होती, हे आठवून लाज वाटली.

ती सहाला आली. काचा खाली होत्या. खणाच्या झाकणावर कार्ड होतं, पिवळं पडलेलं, माझंच अक्षर. बसताना मी पट्टा दोनदा ओढून पाहिला. गाडी चालवताना तीही बोलत नाही. मीना अब्दुल्लाचं वळण घेतल्यावर तिने मान उजवीकडे झुकवली आणि मला समोर बघवेना.

वाकलेल्या पाटीच्या जागी आता नवी पाटी आहे. पिवळ्या खोलीचा रंग उडाला आहे. टॉवर तसाच आहे. पाटी गेली, मी घड्याळ दाबलं. आवाज खालून वर यायला लागला. बापाइतका नव्हे, पण तोच. माझी बोटं घड्याळावर घसरत होती. तिला काही झालं तर मी वहिनींपुढे कसा उभा राहणार, हा एकच विचार डोक्यात होता. खोली आली. घड्याळ छत्तीसवर थांबलं. छत्तीस सेकंद म्हणजे शंभर. रस्त्याच्या नियमात बसणारा वेग. कोणाचीही गाडी जाते असा वेग.

"किती काका?"

"एकशे तीस," मी म्हणालो.

ऋतुजा हसली आणि तिने पाय काढला. गाडी हळू होत टॉवरच्या अलीकडेच थांबली. तिने इंजिन बंद केलं. वाऱ्याचा आवाज ऐकू येऊ लागला.

"बाबांनी सांगून ठेवलं होतं," ती म्हणाली. "मी ड्रायव्हिंग शिकत होते तेव्हाच. मास्तर शेजारी असला आणि आकडा वाढवायला लागला, की समजायचं तो भ्यालाय. मग पाय काढायचा. विचारायचं नाही."

मी घड्याळ शून्यावर आणलं. मग विचारलं, "आणि ते दोनशे?"

"वन सेव्हंटी-फाइव्ह," ती म्हणाली. "त्यांना आवाजावरून कळलं होतं. मी म्हटलं, बाबा, मग तेव्हाच पुढे का नाही दाबली? रस्ता होता ना?"

"काय म्हणाला?"

तिने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते. उत्तर बापाच्याच बोलीत आलं.

"म्हनले, मग मास्तर परत बसला नसता की."

आम्ही भाजी घेतली. कोथिंबीर चांगली होती.

दिनकरला मी शेवटचं पाहिलं ते बुधवारी संध्याकाळी, इस्पितळाच्या पार्किंगमध्ये. ड्यूटी सुटली होती. तो गाडीत बसून इंजिन चालू ठेवून ऐकत होता, मान झुकवलेली. मला पाहून त्याने काच पूर्ण खाली केली आणि विचारलं, "शुक्रवारी येणार नव्हं?" माझी त्या शुक्रवारी ड्यूटी होती. बदलून मिळाली असती, पण मी म्हणालो, बघतो. "बघ," तो म्हणाला. दाराच्या पत्र्यावर बाहेरून दोनदा हाताने थोपटलं आणि निघाला. फाटकाबाहेर सिग्नलला तो थांबला, मग डावीकडे वळला. गाडी दिसेनाशी झाल्यावरही आवाज येत होता. मी तो संपेपर्यंत उभा होतो की त्याआधीच आत वळलो, हे मला आठवत नाही. आठवून पाहतो आहे.

गाडी वफ्राला त्या शेतमालकाच्या शेडमध्ये आहे. कार्ड मी काढून घेतलं नाही. शुक्रवारी ऋतुजा मला तिच्या गाडीतून भाजीला नेते. तिच्या गाडीचा मीटर चालतो. घड्याळ माझ्या खिशात असतं.